पुरात बुडालेल्या गाडीच्या इंजिनवर काम करताना होणारे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्यावर माणूस पहिल्यांदा आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतो. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2005 साली, 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये नदीने या दोन्ही पातळ्या मागे टाकल्या आणि 2019 मध्ये तर ती 57 फुटांच्या वर गेली. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर शेकडो गाड्या चिखलासह टोचन करून गॅरेजमध्ये आल्या. इंजिन कसे वाचवावे याची चर्चा तेव्हा सगळीकडे झाली, परंतु त्या इंजिनवर वाकणाऱ्या माणसाला काय होऊ शकते याविषयी फारसे कोणी बोलले नाही. गाडीमालक आणि नवशिके कारागीर आम्हा गॅरेजवाल्यांना पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

पाणी ओसरले आहे, गाडी बाहेरून कोरडी दिसते. एकदा सेल्फ मारून पाहिला तर काय बिघडते?

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असेल, तर वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि सगळा जोर पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. पुष्कळदा वाकलेला रॉड लगेच लक्षात येत नाही. गाडी सुरू होते, थोडा आवाज करते आणि काही दिवसांनी भर रस्त्यात रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. त्या वेळी गरम ऑईल एक्झॉस्टवर पडले तर आग लागते, आणि तेव्हा गाडीत बहुधा घरातली माणसे बसलेली असतात.

म्हणून पाणी इंजिनपर्यंत पोहोचल्याची शंका असेल तर किल्ली फिरवू नये आणि धक्का मारूनही गाडी सुरू करू नये. गाडी नेताना ओढणारी (इंजिनने फिरणारी) चाके उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी, कारण चुकून गिअर पडलेला राहिला तर टोचन करतानाही इंजिन फिरते. ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी आत गेले आहे, हे नक्की समजावे. मात्र ऑईल स्वच्छ दिसले म्हणून सिलिंडर कोरडे आहेत असे मुळीच धरू नये.

सिलिंडरमधील पाणी काढताना माणसाला इजा नेमकी कशी होते?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे, कारण आमच्या पाहण्यातील सर्वांत जास्त अपघात याच कामात झाले आहेत.

पाणी काढण्यासाठी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवावे लागते. इंजिन फिरताच पिस्टन वर येतो आणि प्लगच्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडते. ही धार छतापर्यंत उडू शकते. तिच्यात नुसते पाणी नसते. नदीची बारीक वाळू, काळे ऑईल आणि पेट्रोल हे सगळे एकत्र असते. 2019 च्या पुरानंतर आमच्याकडे हाताखाली शिकणारा एक मुलगा बोनेटवर वाकून प्लगच्या भोकात टॉर्चच्या उजेडात पाहत होता. गाडीत बसलेल्या दुसऱ्याला वाटले की प्लग निघाले, आता फिरवून पाहू. त्याने न विचारता सेल्फ मारला. धार थेट मुलाच्या उजव्या डोळ्यात गेली. त्याने हाताने डोळा चोळला, आणि तेच जास्त महागात पडले, कारण वाळूच्या कणांनी बुबुळावर ओरखडे उठले. आम्ही लगेच स्वच्छ पाणी डोळ्यावर ओतत राहिलो आणि मग त्याला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दृष्टी वाचली, पण आठवडाभर त्याचा डोळा बांधलेला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे एक रीत आहे: बोनेटवर जो वाकतो, गाडीची किल्ली त्याच्याच खिशात राहते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली तर दूर कपाटातच ठेवावी, कारण ती गाडीत किंवा जवळपास असली तरी बटण काम करते.

दुसरा धोका ठिणगीचा आहे. काढलेली इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) कनेक्टरसह तशीच इंजिनवर टेकवून ठेवली आणि सेल्फ मारला, तर तिच्या टोकाशी ठिणग्या पडत राहतात आणि शेजारच्याच भोकातून पेट्रोलचा फवारा निघत असतो. म्हणून सेल्फ मारण्याआधी सर्व कॉइलचे आणि इंजेक्टरचे (इंधन फवारणाऱ्या भागांचे) कनेक्टर काढावेत, फ्युएल पंपाचा फ्यूज उपसून ठेवावा, भोकांवर जाड कापड सैलसर पसरावे आणि सर्वांनी बाजूला उभे राहावे.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे पहिले काही फेरे हातानेच देणे. बॅटरी पूर्ण सोडवावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि क्रँकच्या पुलीवरील बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. जोर लावावा लागला तर थांबावे. काम झाल्यावर पाना काढला का, हे बॅटरी जोडण्यापूर्वी दोघांनी पाहावे. पुलीवर राहिलेला पाना सेल्फ मारताच गरगर फिरतो आणि हाताचे हाड मोडू शकतो.

पाणी तसेच राहिले तर इंजिन गंजून जाईल. मग घाई करायला नको का?

घाई करावी, परंतु ती पाणी काढण्याची असावी, गाडी सुरू करण्याची नव्हे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. प्लग काढून पाणी बाहेर काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑईल सोडले, इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवून ते भिंतींना लागू दिले आणि चेंबरमधील (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतील) खराब ऑईल काढून नवे भरले, की गंज चढण्याचा वेग पुष्कळ मंदावतो. त्यानंतर वायरिंग वाळण्यासाठी, टाकी रिकामी करण्यासाठी आणि गॅरेजचा चिखल काढण्यासाठी सवडीने दिवस घेता येतात. एवढे काम केले की पुढच्या कोणत्याही अपघाताला घाई हे कारण उरत नाही, आणि गर्दीच्या त्या आठवड्यात हेच सर्वांत मोठे कारण असते, असे आमचे मत आहे. मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून 'एकदा स्टार्ट करून दाखवा' असा तगादा लावला की कारागीर कुठला तरी टप्पा गाळतो. त्यामुळे ही विनंती कारागिराइतकीच मालकालाही आहे.

टाकीत पाणी गेले आहे. पेट्रोल कसे काढावे?

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर तरंगते आणि तळाशी पाणी राहते. ते बाहेर काढताना जी वाफ निघते ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीवरून पसरत सर्व्हिसच्या खड्ड्यात साचते. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते, मग आपल्याकडील ऑगस्टच्या दमट दुपारची गोष्टच सोडा. खड्ड्यातील साधा बल्ब फुटणे, शेजारी ग्राइंडर चालू असणे किंवा पलीकडे चहासाठी स्टोव्ह पेटवणे एवढेही पुरेसे होते.

टाकी उघड्या हवेत रिकामी करावी. खड्ड्यावर गाडी उभी करून कधीही करू नये. तोंडाने नळी ओढू नये, कारण पेट्रोल फुप्फुसात गेले तर गंभीर न्यूमोनिया होतो. कोणी चुकून गिळले तर त्याला उलटी करायला लावू नये, थेट रुग्णालयात न्यावे. काढलेले पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे, प्लास्टिकच्या बादलीत नको. पूर ओसरलेल्या भागात गटारी तुंबलेल्या असतात. त्यांत ओतलेले पेट्रोल तरंगत शेजारच्या गल्लीपर्यंत जाते आणि तिथे कोणी काडी ओढेल हे आपल्याला कळतही नाही. विझवण्यासाठी कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले तर ती पसरते.

सीएनजीच्या गाडीत प्रथम सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर छताशी साचतो, तर एलपीजी जड असल्याने पेट्रोलच्या वाफेसारखा खाली बसतो. त्यामुळे कुठला गॅस आहे हे पाहूनच खिडक्या-दारे उघडण्याचा विचार करावा. पुरात बुडालेला सिलिंडर अधिकृत केंद्रात तपासून घेतल्याशिवाय पुन्हा भरू नये.

पुराचे पाणी नव्हे, पेट्रोलच जास्त झाल्याने इंजिन भरले आहे. त्यातही धोका असतो का?

असतो, आणि तो जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत अधिक असतो. चोक ओढून वारंवार सेल्फ मारला की प्लग ओले होतात आणि सिलिंडरमध्ये कच्चे पेट्रोल साचते. अशा वेळी प्लग काढून, तो हेडवर टेकवून ठिणगी येते का ते पाहण्याची पद्धत सर्रास दिसते. ज्या भोकातून पेट्रोलची वाफ निघते आहे त्याच्या बोटभर अंतरावर आपण ठिणगी पाडत असतो, हे ध्यानात घ्यावे. प्लग तपासायचा असल्यास तो बाजूला नेऊन टेस्टरवर तपासावा. कार्बोरेटरमध्ये वरून डोकावत सेल्फ मारायला सांगू नये, कारण झडपेतून ज्वाला उलटी आली की भुवया आणि चेहरा भाजतो. चोक सोडून, गाडी दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवली की बहुतेक वेळा ती नीट सुरू होते.

डिझेलच्या गाडीत आग लागण्याचा धोका कमी, मग काळजीचे कारण काय?

कारण दाब आहे. आजच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनमध्ये डिझेल 1,600 ते 2,000 बार इतक्या दाबाने इंजेक्टरकडे जाते. म्हणजे टायरमधील हवेच्या सुमारे 700 पट किंवा त्याहून अधिक. पाण्याने गंजलेल्या किंवा घाईत अर्धवट आवळलेल्या नळीतून केसाएवढी धार सुटली तर ती डोळ्यांना दिसत नाही आणि हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी असते, रक्तही फारसे येत नाही, आणि म्हणूनच माणूस ती चोळून पुन्हा कामाला लागतो. आत गेलेले डिझेल मात्र तासा-तासाने स्नायू नासवत जाते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. अशी जखम झाल्यास दुखत नसले तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि 'दाबाखालचे डिझेल हातात गेले आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

गळती शोधताना हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. इंजिन बंद केल्यावर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय नळी सैल करू नये. नट ढिला करून 'डिझेल येते का' पाहण्याची जुन्या इंजिनांवरील सवय या गाड्यांवर वापरू नये.

सुरू होत नसेल तर स्टार्टिंग स्प्रे मारावा का?

हिटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारा प्लग) असलेल्या डिझेल इंजिनवर अजिबात मारू नये. स्प्रेमधील ईथर तापलेल्या हिटरला लागताच वेळेआधीच पेटते आणि इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) स्फोट होतो. पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी इनटेकला धरणे हा त्याच्याहून वाईट प्रकार आहे.

बॅटरी पाण्यात होती. ती काढताना काय पाहावे?

प्रथम निगेटिव्ह टोक सोडवावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. उलट केले तर पाना बॉडीला लागून मोठी ठिणगी पडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के मिसळला तरी पेट घेतो. बॅटरी फुटली की गंधकाम्ल चेहऱ्यावर उडते. अंगठी, कडे आणि गळ्यातील साखळी काढून ठेवावी. पुरात बुडालेली बॅटरी घाईने जम्पर लावून चार्ज करू नये. शक्य तर बदलावी. आम्ल डोळ्यांत गेले तर किमान 15 ते 20 मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे. खाण्याचा सोडा बॅटरीच्या खोक्यावर टाकण्यासाठी ठीक आहे, डोळ्यांत किंवा जखमेवर मुळीच टाकू नये.

एअरबॅग आपोआप फुटू शकते का?

ओल्या आणि गंजलेल्या वायरिंगमुळे ती शक्यता नाकारता येत नाही. बॅटरी सोडवल्यावरही त्या यंत्रणेत काही काळ वीज साठलेली असते, म्हणून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. पिवळ्या आवरणाच्या वायरींना मल्टिमीटर लावू नये. स्टिअरिंगसमोर तोंड नेऊन डॅशबोर्डखालचा चिखल साफ करू नये, शेजारच्या बाजूने करावा.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी आली तर?

नारिंगी केबल दिसली की थांबावे. त्या केबलमधून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो आणि तो जिवावर बेतू शकतो. प्रशिक्षण, 1,000 व्होल्टचे रबरी हातमोजे आणि कंपनीची कार्यपद्धती यांशिवाय त्या भागाला हात लावू नये. हायब्रीडमधील पेट्रोल इंजिन गाडी 'रेडी' असताना स्वतःहून सुरू होऊ शकते, म्हणून शांत उभ्या गाडीच्या इंजिनच्या पट्ट्याजवळ हात घालणे हीसुद्धा चूक आहे.

लिथियम बॅटरी बुडाल्यावर अनेक दिवसांनीही पेटू शकते. 2022 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अशा गाड्यांना नंतर आगी लागल्या होत्या. कृष्णेचे पाणी गोडे असले तरी गाळाने भरलेले असते, त्यामुळे गाफील राहू नये. अशी गाडी इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून साधारण 15 मीटर दूर, मोकळ्यावर उभी करावी आणि कंपनीच्या केंद्राला कळवावे. आपल्याकडे गल्ल्या अरुंद आहेत आणि एवढी जागा मिळणे अवघड असते, हे मान्य आहे. तरीही घराखालच्या पार्किंगमध्ये ती कधीही ठेवू नये.

इंजिन वाळावे म्हणून शटर ओढून रात्रभर चालू ठेवले तर चालेल का?

नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस दमल्यामुळे असे होत असेल असे समजून तिथेच आडवा होतो. पूर ओसरल्यावर वीज नसते, म्हणून चिखल उपसायचे पंप आणि जनरेटरही आतच चालवले जातात. त्यांचाही धूर तोच. सर्व यंत्रे दाराबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून ठेवावीत. कोणी भोवळ येऊन पडले तर प्रथम शटर उघडावे, इंजिन बंद करावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 ला फोन करावा.

गाडीखाली जाताना कोणती चूक सर्वांत जास्त होते?

जॅकवर विसंबणे. पुरानंतरची जमीन वरून कडक आणि आतून भुसभुशीत असते, त्यामुळे जॅक सावकाश रुततो आणि कलतो. जॅकखाली जाड लोखंडी पत्रा किंवा सागाची फळी ठेवावी, गाडी उचलल्यावर दोन्ही बाजूंना घोड्या (गाडीला आधार देणारे लोखंडी स्टँड) लावाव्यात, आणि बाजूने हलवून पाहिल्यावरच आत शिरावे. विटांचा थर ही घोडी नव्हे. पाणी प्यालेली वीट क्षणात चुरा होते. बोनेटखाली काम करताना रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा किल्ली बंद असतानाही फिरू शकतो, हेही इथेच सांगून ठेवतो.

गॅरेजमधील विजेचे काय?

महावितरणने पुरवठा जोडला म्हणजे आपल्या गॅरेजमधले वायरिंग वाळले, असे होत नाही. प्लग, कॉम्प्रेसरची मोटर आणि वॉशिंगचा पंप इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा आणि 30 मिलीअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. जोड दिलेली एक्स्टेन्शन ओल्या फरशीवर टाकू नये. खड्ड्यात 230 व्होल्टचा बल्ब न उतरवता बॅटरीवर चालणारा दिवा वापरावा.

बोनेट उघडताना साप असू शकतो, हे खरे आहे का?

खरे आहे. पाणी वाढले की साप उंच आणि उबदार जागा शोधतात. बॅटरीची पेटी, एअर फिल्टरचा डबा आणि सीटखालची पोकळी त्यांना सोयीची असते. बोनेट उघडल्यावर लगेच हात न घालता काठीने चाहूल घ्यावी, उजेड पाडावा आणि साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावे. चावा झाल्यास पट्टी करकचून बांधू नये, जखम कापू नये, हात किंवा पाय हलवू न देता सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरचे औषध तिथे मिळते.

चिखलात काम केल्यावर ताप आला तर तो साधा समजावा का?

समजू नये. पुराच्या गाळात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि हातापायांवरील बारीक चिरांमधून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. पत्र्याने कापलेले बोट आणि चिखलाने भरलेले इंजिन ही जोडी गॅरेजमध्ये रोजचीच असते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत, जखम जलरोधक पट्टीने झाकावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले आहे का ते पाहावे. ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येतो आणि तोवर तो चिखल आपण विसरून गेलेलो असतो. ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही दिसले तर डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या तारखेला पुरातल्या गाडीवर काम केले होते, ते त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.